बिनदेवाचं घर

धार्मिक कारणासाठी माझ्या घरी उतरणारी एकच नातेवाईक होती: माझी आत्या. मी देव मानत नाही. तिचं मात्र अकोटजवळच्या सासरी लग्नानंतर महानुभाव पंथाशी नातं जुळलं होतं, आणि ते तिनं शेवटपर्यंत पक्कं धरलं. परमेश्वर एक, तो कृष्ण. बाकी सगळ्या देवता. ‘देवता’ हा शब्द ती आपण तालुक्याचा कारकून म्हणतो तशा सुरात उच्चारायची.

दुसऱ्या देवाला दाखवलेला नैवेद्य तिला चालत नसे. त्यामुळे अमरावतीत तिची पंचाईत व्हायची. माझ्या मोठ्या भावाच्या घरी संगमरवरी देवघर आहे. त्यातले दिवे आपोआप रंग बदलतात आणि आरतीही आपोआप लागते. देवांना दाखवल्याशिवाय तिथे भाजी ताटात येत नाही. म्हणून डोळे दाखवायला आली की आत्या रिक्षा थेट माझ्या दारात थांबवायची.

“बाबू, तुया घरचं अन्न चोख. कोनाले दाखवलेलं नाही.”

“पण आत्या, मी तुझ्या कृष्णालाही मानत नाही.”

“त्याले काई घाई नाही,” ती म्हणायची आणि भाकरी मागायची.

आमच्या घरात देवतेचा एकच शिरकाव होता, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर. आल्या आल्या आत्या ते भिंतीकडे तोंड करून टांगायची. दुधाचे खाडे त्याच्यावरच लिहिलेले असत. ती असेपर्यंत कुणालाच खाडे आठवत नसत, पैसे पूर्ण महिन्याचे जात, आणि दूधवाला तिला फार भक्तिमान बाई समजे.

शेवटच्या मुक्कामात तिनं जेवता जेवता मला बजावलं, “मी गेल्यावर पिंडबिंड ठेवू नोका. कावळ्याले बलावू नोका. बाकीचे आयकणार नाहीत, तू आयकशीन.” मी हो म्हटलं. त्यानंतर काही महिन्यांनी ती अकोल्याच्या दवाखान्यात वारली.

तिला मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला, त्यामुळे सगळं करायचा मान माझ्या भावाकडे आला. दहावा कौंडण्यपूरला, वर्धा नदीच्या काठी, असं त्यानं जाहीर केलं. मांडववाला आणि आचारीही ठरले होते. मी आत्याचं बोलणं सांगितलं.

“तुले ना देव ना धर्म,” भाऊ म्हणाला. “तू काहून मधात पडून राहिला?”

“तिनं मले सांगितलं होतं.”

“तिच्या नावानं तू तुयंच घोडं दामटून राहिला.”

जमलेल्या सगळ्यांना तसंच वाटत होतं, आणि त्यांचा दोष नव्हता. तिच्या जागी मी असतो तर मलाही पिंड नकोच असता.

मग भावानं हुकमी मुद्दा काढला. “कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. कृष्णाची सासुरवाडी. तिले अजून काय पायजे?”

“सासुरवाडीत कोनाचं चालते का भाऊ?” मी म्हणालो.

आधी वहिनी हसली. तिच्या माहेरी भावाचं काय चालतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. भाऊ चिडून म्हणाला, “मंग कर तुया पद्धतीनं.”

“माझी नाही. तिची.”

हे म्हणणं सोपं होतं. तिची पद्धत मला येत नव्हती. मी अकोटला जाऊन पंथातल्या दोन वृद्ध महात्म्यांना, म्हणजे त्यांच्या संन्याशांना, भेटलो. ते म्हणाले, येऊ, नाव घेऊ, पण घर कसं आहे? मी सांगितलं, घरात एकही देव नाही. “उत्तम,” ते म्हणाले. माझ्या नास्तिकपणाचं एवढ्या मनापासून कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

दहाव्याच्या सकाळी माझ्या घरचं कॅलेंडर मीच भिंतीकडे वळवलं. महात्म्यांनी नामस्मरण केलं, मी दाराशी बसून ऐकलं. मग पंगत बसली. वाढणं चाललं असताना भाऊ हळूच उठला, एका पत्रावळीवर वरण-भात आणि भजं घेतलं आणि गच्चीच्या जिन्याकडे निघाला. मी त्याच्या मागे गेलो.

“कावळ्याले?” मी विचारलं.

 लहानपणी आत्याच्या कडेवर असायचा तो. मी जिना अडवला नव्हता, त्याला जाता आलं असतं.

“तिले लागन ना रे काईतरी,” तो म्हणाला.

“नोको म्हणाली होती.”

 तो तिथेच पायरीवर बसला आणि त्या पत्रावळीवरचं त्यानं स्वतः खाल्लं, कुणाला न दाखवता. भजं शेवटी खाल्लं. मी खाली येऊन त्याच्यासाठी पाणी नेलं.