दादाचा अल्बम मी ऐकला होता

महाडात मी तीस-बत्तीस वर्षं गाणं शिकवते आहे, आणि या काळात मी सर्वांत जास्त काय केलं असेल तर नाक मुरडलं. लग्नातल्या डीजेला मुरडलं. भजनी मंडळाच्या माइकमधून घुमणाऱ्या आवाजाला मुरडलं. "बाई, टीव्हीवर जाण्याइतपत किती महिन्यांत होईल?" असं विचारणाऱ्या आयांना तर फी परत देऊन घरी पाठवलं. कोर्टातले एक वकील दर गुरुवारी मैफलींच्या गप्पा मारायला यायचे. त्यांना यमन आणि भूप यांतला फरक कळत नाही हे मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी मी त्यांना चहा द्यायचे, कारण तुच्छ लेखायलाही माणूस समोर असावा लागतो.

या नाक मुरडण्यात माझ्या माहेरचाही नंबर लागायचा. माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. तिथे गणपतीत जाखडी नाचतात. मधे गाणारा बुवा आणि ढोलकीवाला बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले पुरुष गोल फिरतात. निम्मे वाडीतलेच शेतकरी, निम्मे मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आलेले. एक बाजू गाण्यातून दुसरीला सवाल टाकते, दुसरीने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी. आणि उत्तर येईपर्यंत सवाल टाकणाऱ्याने समोरच्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा आमच्या वाडीचा एक खुळा नेम. आमच्या वडिलांनी सख्ख्या मेव्हण्याच्या घरी दोन वर्षं पाण्याला हात लावला नव्हता. लग्नानंतर मी पुण्याला गुरुजींकडे शिकायला जाऊ लागले, आणि हे सगळं मला आरडाओरडा वाटू लागलं. मग गणपतीत माहेरी जाणंच मी बंद केलं. कारण विचारलं की सांगायचे, क्लासच्या परीक्षा आहेत.

माझा थोरला भाऊ, दादा, त्या जाखडीचा बुवा. बारा वर्षांपूर्वी वाडीच्या मुंबईकरांनी त्याला दादरला की परळला कुठल्याशा स्टुडिओत नेलं आणि त्याच्या गाण्यांचा अल्बम काढला. ती सीडी घेऊन दादा एसटीने माझ्याकडे आला. सोबत नारळ, घरचे पोहे आणि नवीन टोपी. सीडीच्या कव्हरवर फेटा बांधलेला दादा, मागे रायगड आणि रायगडाच्या मागे का कोण जाणे, एक धबधबा. मी ते कव्हर बघून हसले. हसू दाबण्याचा प्रयत्नही केला नाही.

"सवडीनं आयक गो बाय," दादा म्हणाला. "पाचवं गानं नीट आयक."

तो गेल्यावर मी सीडी टेबलावर ठेवली. आठवडाभर ती तिथे होती. मग परसातल्या चिकूला वटवाघळं फार लागली, आणि कुणीतरी सांगितलं की चकाकणारं काही टांगलं की ती येत नाहीत. मी टांगली. वटवाघळं येतच राहिली. पुढे मोठा पूर आला तेव्हा सावित्री नदीने चिकूही नेला आणि सीडीही. मला दुःख झालं ते चिकूचं.

सीडी दिल्यानंतरच्या पहिल्या भाऊबिजेला दादा आला. पाटावर बसला, मी ओवाळलं, त्याने ओवाळणी घातली. मी फराळाचं ताट आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्याने कशालाच हात लावला नाही.

"ऐकलास काय गो अल्बम?"

"ऐकला की."

"मग?"

"मग काय? छान आहे."

 तो टोपी घालून उठला. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. तो येणं चुकवायचा नाही आणि माझ्या घरचं पाणी प्यायचा नाही. मी अंदाज बांधले. आधी वाटलं, त्याला साखरेचा त्रास झाला असेल. पण पाण्यात कुठे साखर असते? मग ठरवलं की वहिनीने कान भरलेत. वहिनीबद्दल मला काहीही वाटून घेणं नेहमीच सोपं जायचं. एकदा मी तिला फोनवर चार शब्द सुनावलेसुद्धा. ती म्हणाली, "ताई, तुमचं तुमीच बघा. मी मदी पडनार नाय." यावर माझी खात्रीच पटली.

अशा अकरा भाऊबिजा झाल्या. दर वर्षी तो उंबऱ्याबाहेर पडला की मी तो भरलेला तांब्या तुळशीत ओतायचे. लहानपणी त्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी मी हट्टाने प्यायचे, आणि आता माझ्या हातचं त्याला चालत नव्हतं. राग यायचा. रडूही यायचं, पण क्लासची वेळ झालेली असायची.

या वर्षी माझे गुडघे धरले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारणीने जवळच्या सव गावी जाऊन गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसायला सांगितलं. मी आठवड्यातून दोनदा मिनिडोरने जाऊ लागले. सहा जणांची ती रिक्षा, त्यात दहा माणसं आणि एक कोंबडी. पहिल्याच खेपेला ड्रायव्हरने गाणं लावलं, आणि ढोलकीच्या आधी मला दादाचा आवाज ओळखू आला.

"हे बंद करता का जरा?" मी म्हटलं.

"आवो बाई, पोलादपूरच्या वरच्या वाडीतलं बुवा हायत. लय नाव हाय. तुमी नाय ऐकलं?"

"नाही," मी म्हटलं. अकरा वर्षांत या अल्बमबद्दल मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

त्याने बंद केलं नाही, आवाज जरा कमी केला. मी खिडकीबाहेर बघत चुका मोजू लागले. पेटी उतरलेली. बँजो कशासाठी आहे ते वाजवणाऱ्यालाही माहीत नसावं. कोरस दर ओळीला मागे पडतोय. मुंबईच्या स्टुडिओवाल्याने सगळ्यावर इतका घुमारा ओतलाय की बुवा विहिरीत पडलाय असं वाटावं. सव येईपर्यंत तीन गाणी झाली आणि माझी यादी चांगली लांबली. मी समाधानाने पाय पाण्यात सोडले.

पुढच्या खेपेला तोच ड्रायव्हर, तीच तीन गाणी. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की दादा त्या उतरलेल्या पेटीकडे लक्षच देत नाही. त्याचा सूर त्याच्यापाशी आहे आणि तो जागचा हलत नाही. कोरस मागे पडला की तो पुढचा शब्द किंचित लांबवतो, सगळे येऊन मिळेपर्यंत, आणि मग सगळ्यांना घेऊन समेवर येतो. असं थांबून घेणं मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला शिकवलेलं नाही. मागे पडेल त्याला मी ओरडते.

चौथ्या खेपेला मी स्टँडवर दोन मिनिडोर सोडल्या आणि त्याच ड्रायव्हरची वाट बघितली.

मग मला हे गाणं आवडू लागलं, असं म्हणणं फारच सभ्यपणाचं होईल. माझ्या डोक्यात ते घुसून बसलं. क्लासमध्ये यमनचा ख्याल सांगताना माझा पाय खाली जाखडीचा ठेका धरायचा. शेवटी दहावीतल्या एका विद्यार्थिनीला म्हटलं, जरा मोबाइलवर हे शोधून दे.

"बाई, तुम्ही हे ऐकता?"

"अभ्यासासाठी," मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. माझ्या तोंडावरही तो दिसला नसणार.

मी कानात वायरी घालून, स्वयंपाकघराचं दार लोटून ऐकायचे. बाहेरच्या खोलीत तंबोरे होते. आयुष्यभर ज्या गोष्टीला नावं ठेवली ती कांदा चिरताना चोरून ऐकणारी साठीतली बाई मी स्वतः बघितली असती, तर तिची गुरुवारच्या गप्पांत काय खिल्ली उडवली असती! पहिल्या तीन गाण्यांवरच मी कितीतरी दिवस अडून होते. चौथं रटाळ होतं. एका दुपारी हात कणकेत होते म्हणून ते बदलता आलं नाही, आणि मग पाचवं लागलं.

म्हाडच्या गो बाय, तंबोऱ्याच्या बाय,
पहिला सूर दिला कुनी, त्याचं नाव काय?

मी कणकेचे हात तसेच ठेवून खाली बसले.

हा सवाल होता. दादाने माझ्यावर सवाल टाकला होता. वाडीने, मुंबईकरांनी, मिनिडोरवाल्यांनी, सगळ्यांनी तो बारा वर्षं ऐकला होता. आणि दादाने दर भाऊबिजेला विचारलं होतं, ऐकलास काय, आणि मी दर वेळी सांगितलं होतं, ऐकला की, छान आहे. वर तो "मग?" म्हणाला की मी विचारायचे, मग काय? नेमाप्रमाणे तो माझ्या घरचं पाणी पीत नव्हता. वहिनीचा यात काडीचा संबंध नव्हता.

आणि उत्तर मला ठाऊक होतं. वाडीच्या खाली रस्त्याला लागून भाताची गिरण होती. दादा डोक्यावर गोणी घेऊन जायचा, मी मागून. भात भरडून होईपर्यंत दारात उभं राहायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. दादा म्हणायचा, "तोंड मिट आनि गिरनीच्या आवाजात तुझा आवाज बुडव. तुला तुझा आवाज ऐकू यायचा बंद झाला, का समज सूर लागला." मी कोंड्यात पाय रोवून गुणगुणायचे. ज्या दिवशी माझा आवाज नाहीसा झाला त्या दिवशी मी घाबरून रडले होते, आणि दादा हसत होता.

ही युक्ती मी आजही पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. फक्त गिरणीच्या जागी तंबोरा म्हणते, आणि दादाच्या जागी पुण्याचे गुरुजी. गुरुजींनी मला असलं काही कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझा सूर लागलेलाच होता. "कुठे शिकलात?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, कुठे नाही, असंच. दुसऱ्यांच्या बेसूरपणावर तोंडसुख घेणाऱ्या बाईची ही पात्रता. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

उत्तर गाण्यातूनच द्यायचं होतं. आधी मी बंदिश रचायला बसले. त्यात सद्गुरू आले, चरणकमल आलं, आणि चार ओळींनंतर मलाच कंटाळा आला. तो कागद फाडला. उत्तर सवालाच्याच चालीत हवं.

गणपतीच्या पाचव्या दिवशी दुपारी मी वाडीत पोचले. घरापुढच्या खळ्यात सराव चालला होता. मला बघून ढोलकी थांबली. वहिनी दारात आली आणि तिथेच उभी राहिली. दादा पेटीशी बसला होता. तो उठला नाही.

"दादा, उत्तर आणलंय," मी म्हटलं.

चाळ बांधलेली माणसं बाजूला सरकली. ढोलकी सुरू झाली. आणि ठेक्यावरून लोकांच्या मुलांना बत्तीस वर्षं रडवणारी मी पहिल्याच ओळीला चुकले. हसायला कुणी धजावलं नाही, तेच जास्त लागलं. मी पुन्हा धरलं, पुन्हा मागे पडले. तेव्हा दादाने माझ्या पुढचा शब्द हळूच उचलला आणि लांबवला, मी येऊन मिळेपर्यंत. तिसऱ्यांदा मी एकटीने म्हटलं.

गिरनीच्या रं दारामंदी, कोंड्यात माजं पाय,
पहिला सूर दिला दादानं, दुसरं कोन नाय.

ढोलकीवाल्याने तोडा वाजवून थांबवलं. म्हातारी माणसं माना डोलवत होती. मी तिथेच खाली बसले, कारण गुडघे बोलू लागले होते. पिशवीतून बाटली काढली. घरून निघताना भरलेलं पाणी, अजून अर्ध्याहून जास्त होतं. मी ती दादासमोर धरली.

त्याने घेतली नाही. "येवढी वर्सं का लावलीस?" त्याने विचारलं.

इथे मला गप्प बसता आलं असतं. अभिमान आडवा आला, असं म्हटलं असतं तर वाडीने ते मानलं असतं. अभिमान निदान शोभतो तरी.

"मी ऐकलाच नव्हता, दादा. दर वर्षी खोटं बोलले. सीडी मी चिकूला टांगली होती, वटवाघळांसाठी. पुरात गेली. या पावसाळ्यात पहिल्यांदा ऐकला, सवच्या मिनिडोरमध्ये."

 दादाने टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्याकडे बघत बसला.  हा आता उठून आत जाणार, असं मला वाटलं.

"बरं झालं गो," तो म्हणाला. "मला वाटायचं, ऐकून गप बसलीस."

मग त्याने माझ्या हातातून बाटली घेतली, तोंडाला लावली, आणि संपेपर्यंत खाली ठेवली नाही.