बाबांच्या नव्या वहाणा आणि पडवीची भिंत

सुरुवातीलाच सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या वाड्यावर कुणीच ठेवत नाही. मी हातभर मासा म्हटलं की लोक वीतभर धरतात, आणि वीतभर म्हटलं की बाजारातून आणला असं समजतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण या सदरात लोक चकवे, सावल्या, पैंजणांचे आवाज असलं काय काय लिहितात ना, ते वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. देवळाच्या पायरीवर मी बसतो तो तिथे वारा छान लागतो म्हणून. तेव्हा आपण एक ठरवू — मी जिथे फुगवीन तिथे तुम्हाला आपोआप कळेल. फक्त भिंतीबद्दल जे सांगेन त्यातलं एक अक्षर वजा करू नका... कारण तिथे मला फुगवायला जागाच उरली नाही.

गाव पेडणे तालुक्यातलं, तुयेच्या अलीकडचं. वीस-बावीस घरांचा वाडा. नाव देत नाही, कारण मंडळी अजून तिथेच आहेत आणि मी पण. गोवा घटकराज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मराठी की कोंकणी यावरून घराघरांत झालेली भांडणं जरा निवली होती. आमच्या घरात नवीन भांडण सुरू झालं होतं ते भिंतीवरून.

झालं असं की माझा थोरला भाऊ दिगू डिचोलीच्या शुभांगीच्या प्रेमात पडला. जत्रेत खाज्यांच्या दुकानापुढे दोघांनी एकाच पुड्याला हात घातला... पुढचं तुम्ही समजून घ्या. मुलगी तयार, मुलीची आई तयार. अडले ते मुलीचे वडील. ते सरकारात ओव्हरसियर होते, उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंतींमधल्या चुका काढण्यात गेलेला. त्यांनी निरोप पाठवला, "पोरांना स्वतंत्र खोली आहे का? येता रविवार सोडून पुढच्या रविवारी येतो. खोली बघतो, मग बोलू."

खोली नव्हती. मागच्या बाजूला पडवी होती. डोक्यावर छप्पर, दोन अंगांना भिंती, तिसरं अंग उघडं. तिथे एक भिंत घातली की खोली तयार! साधारण अकरा फूट लांब, सात फूट उंच. आठवड्याचं काम.

वाड्याच्या खालच्या अंगाला बेळगावकडचा एक गवंडी काम करत होता, बसप्पा. त्याला बोलावलं. तो आला, बाबांनी चुन्याने मारलेली रेघ बघितली आणि अदबीने म्हणाला, "सर, रेघ जरा वाकडी आहे."

आमचे बाबा हायस्कुलात भूमितीचे मास्तर. तीस वर्षं.

"वाकडी?" बाबा म्हणाले. "दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, ठाऊक आहे का तुला?"

"जाते सर. पण ही गेलेली नाही."

संपलं. बसप्पा त्याच संध्याकाळी भावाच्या लग्नाला आपल्या गावी निघून गेला आणि बाबांनी बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, उभं राहून जाहीर केलं की भिंत घरची माणसंच बांधतील. घरची माणसं म्हणजे बाबा, दिगू आणि मी. आईने फक्त एवढंच विचारलं, "आणि देवचाराक विचारलास?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. देवचार म्हणजे आमच्या गावसीमेचा राखणदार. भूत नव्हे हो, उलट भुतांना हाकलणारा. खांद्यावर कांबळं, हातात काठी, आणि रोज गावाला फेरी. त्याची वाट ठरलेली असते. लोक त्याला रोट देतात, वहाणा देतात, आणि म्हातारी माणसं सांगतात की दिलेल्या वहाणा पुढे झिजलेल्या सापडतात. आईच्या म्हणण्याप्रमाणे ही वाट बरोबर आमच्या पडवीवरून जात होती.

"विचारायला तो काय पंचायतीत बसतो?" बाबा म्हणाले. मी मोठ्याने हसलो. तेव्हा मी बाबांच्या पक्षात होतो.

सोमवारी काम सुरू. पहिला चिरा मी उचलला आणि स्वतःच्या पायावर ठेवला. पाय असा सुजला की शेजारची बाई म्हणाली, नीरफणस कधी काढला? दिगूने सिमेंट-वाळू कालवली ती इतकी पातळ की थापीऐवजी डवल्याने, म्हणजे पळीने, वाढावी लागली. बाबा कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, चढून सूचना देत होते. बुधवारी कदेल मोडली. बाबा मालात बसले, आणि त्यांचं धोतर सुकल्यावर खुंटीला टांगावं लागलं नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहिलं. आईच्या माशांच्या हुमणात वाळू, पेजेत सिमेंट. गुरुवारी मी शिंकलो तर भिंतीला गिलावा झाला.

ओळंबा आमच्याकडे नव्हता. बाबांनी सुताला कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला. किल्ल्या वाऱ्यावर हलायच्या आणि त्या ज्या बाजूला हलतील त्या बाजूला आम्ही चिरे लावायचो. शनिवारी दुपारी, म्हणजे उद्या ओव्हरसियर येणार त्याच्या आदल्या दिवशी, भिंत छपरापाशी पोचली. आम्ही तिघे मागे सरकलो आणि बघितलं.

खालचे चार थर शहाण्यासारखे होते. पाचव्यापासून भिंतीला पोट सुटलं होतं. वरती ती परत आत आली होती, पण उजवीकडे कलून.

आई सुपातले तांदूळ पाखडत बघत राहिली. "ही भिंत न्हय," ती म्हणाली. "ही सात म्हयन्यांची बाई."

"गिलाव्यात सगळं झाकतं," बाबा म्हणाले.

"आणि जनेल? तीही गिलाव्यात झाकली काय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. खिडकी ठेवायचीच राहून गेली होती. मला वाटलं बाबांच्या लक्षात असेल. बाबांना वाटलं दिगूच्या. दिगूच्या लक्षात त्या आठवड्यात फक्त शुभांगी होती. पाचव्या थरात एका चिऱ्यावर त्याने खिळ्याने तिचं नाव कोरलं होतं, आणि भिंत कलल्यामुळे ते नाव घसरगुंडीवर बसल्यासारखं दिसत होतं.

दिगू खाली बसला. सहा फूट उंचीचा माणूस, मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. तो रडला नाही. नुसता त्या चिऱ्यावरून हात फिरवत म्हणाला, "उद्यां ते हें बघतले आणि भायल्या भायर परत वतले मरे, बाळा." मला पहिल्यांदा एकही विनोद सुचला नाही.

आईने सूप खाली ठेवलं. आत गेली, तांदळाचा जाड रोट भाजला, केळीच्या पानावर घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात बाबांच्या नव्याकोऱ्या कातडी वहाणा होत्या. ओव्हरसियरसमोर घालायला म्हणून आणलेल्या, अजून माती न लागलेल्या.

"त्या माझ्या आहेत!" बाबा ओरडले.

"होत्यो," आई म्हणाली.

दिवे लागायची वेळ. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला तिने सगळं मांडलं, पदर खोचला आणि गाऱ्हाणं घालायला उभी राहिली. आमच्याकडे हे काम पुरुषांचं. पण पुरुषांनी काय दिवे लावले ते समोर दिसतच होतं.

"बा राखणदारा देवचारा, म्हाराजा! ह्या घराच्या मागल्या अंगाक आमी भिंत घातली हा..."

"व्हय म्हाराजा!" दिगू ओरडला. मीही ओरडलो... ओरडायला पैसे पडत नाहीत.

"घालणाऱ्यांका अक्कल नाय हा, ता तू बघतंच हस..."

"व्हय म्हाराजा!"

"मास्तरांका भूमिती येता, भिंत येणा नाय..."

"व्हय म्हाराजा!" हे आम्ही जरा जास्तच जोरात म्हटलं.

"माझ्या झिलाचा लगीन जमान आयला हा, ता ह्या भिंतीपायी मोडूक देव नको. तिचा पोट आत घे, तिका सरळ उभी कर. आणि तुझी वाट आमी आडवली असात तर तुझी तू मोकळी करून घे. हो रोट आणि ह्यो वहाणा गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबा मोडक्या कदेलीशेजारी पाठ करून उभे होते. पण शेवटच्या वेळेला आवाज तीन आले, हे मी शपथेवर सांगतो.

दिगूने भिंतीच्या माथ्यावर आणि छपराच्या वाशांमध्ये उरलेल्या फटीत गोणपाट घातलं. आमची मांजर ताबडतोब आपली तीन पिल्लं घेऊन तिथे वर जाऊन झोपली. आम्हीही जेवून झोपलो. कसला आवाज नाही, कुत्रं भुंकलं नाही.

सकाळी पोदेर पाव घेऊन आला. त्याच्या सायकलीच्या घंटीने मला जाग आली. तोंड धुवायला मागे गेलो आणि तांब्या हातातच राहिला.

भिंत सरळ होती.

थोडी नव्हे. नववधू पाटावर बसते तशी, ताठ. पोट नाही, कलणं नाही. पाचव्या थरात शुभांगीचं नाव वहीतल्या ओळीवर लिहिल्यासारखं आडवं. मधल्या भागात बरोबर दोन हात रुंद, तीन हात उंच मोकळी जागा, आणि तिथले चिरे बाहेर अंगणात एकावर एक रचलेले, कडेला कड लावून. मी सांध्यांवर बोट फिरवलं. माल सुकलेला, एकसंध, कुठे भेग नाही. वर गोणपाटावर मांजर पिल्लांसकट झोपलेली... तिने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मिटला.

रोट नव्हता. तो कुत्र्याने खाल्ला असं मी आजही धरून चालतो. पण वहाणा होत्या. टाचा अर्ध्या झिजलेल्या, अंगठ्याचा पट्टा सैल पडलेला, आणि तळव्यांना सिमेंट.

माझी हाक ऐकून सगळे धावत आले. बाबांनी किल्ल्यांचा जुडगा लावला, तीन ठिकाणी लावला. मग घसा साफ करून म्हणाले, "दिवसा उष्णतेने चिरा प्रसरण पावतो. रात्री आकुंचन पावतो."

"आणि वहाणा काय पावल्यो?" आईने विचारलं.

बाबांनी जुडगा चौथ्या ठिकाणी लावला. बसप्पा आला असेल, असं मी म्हणून बघितलं. पण तो महिन्याभराने परतला, लग्नातले लाडू घेऊन, आणि भिंत बघून त्याने पहिला प्रश्न केला, "सर, कुणाला बोलावलंत?"

दहाच्या बसने ओव्हरसियर आले. बाबा त्यांच्यासमोर न्हाणीतल्या रबरी चपला घालून उभे होते. ओव्हरसियरांनी चहा घेतला नाही, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, बघितल्या नाहीत. थेट मागे गेले. खिशातून एक लहानशी पिशवी काढली, पिशवीतून पितळी ओळंबा. वरून सूत सोडलं. ओळंबा हलला, थांबला. आम्ही कुणी श्वास घेतला नाही. दिगू तर हळूहळू निळा पडत चालला होता.

सूत आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखंच अंतर. त्यांनी परत बघितलं, चष्मा पुसून बघितलं.

"इतकीं वर्सां नोकरी केली," ते म्हणाले. "सरकारान अशी भिंत एकूय बांदूंक ना. आणि जनेल बरोबर वाऱ्याच्या वाटेर. कोणाचं डोकं हें?"

"माझं," बाबा म्हणाले. पटकन.

"आणि गवंडी?"

बाबा रबरी चपलेतला अंगठा बघायला लागले. आई पदर सावरून पुढे झाली. "घरचोच माणूस. आता फेरीक गेलो हा."

"त्याका डिचोलेक धाडून द्या. माझ्या गोठ्याचें काम आसा."

"सांगून बघतंय," आई म्हणाली. "पण तो आपल्या मनाचो."

मग ओव्हरसियर खाली वाकले. पाचव्या थरातल्या चिऱ्यावरचं आपल्या मुलीचं नाव त्यांनी वाचलं, बराच वेळ वाचलं. उठले, आणि दिगूला म्हणाले, "नेवऱ्यो खंय आसात?"

त्याच वर्षी मे महिन्यात लग्न झालं. वहिनी त्या खोलीत आली आणि खिडकीत झोपाळ्यावर बसल्यासारखी बसायला लागली. खिडकीला आम्ही आजतागायत गज लावलेले नाहीत. आई लावू देत नाही, म्हणते ती त्याच्या फेरीची वाट. व्याही दर चतुर्थीला यायचे ते आधी भिंतीला ओळंबा लावायचे आणि मग गणपतीला नमस्कार करायचे. आता ते नाहीत, बाबाही नाहीत. उरलेल्या दोन भिंतींना भेगा पडल्या, त्या दोनदा बुजवल्या. ही तशीच आहे.  इंजिनियर झालेले पुतणे येतात, ओळंबा लावतात आणि परत लावतात. आणि बाबांनीही त्या झिजलेल्या वहाणा फेकल्या नाहीत. कपाटात ठेवल्या, किल्ल्यांच्या जुडग्यासोबत.

मध्यंतरी आम्ही भावांनी मिळून न्हाणीघर बांधलं. वाकडं झालं. रोट ठेवला, गाऱ्हाणं घातलं, तीन सकाळी उठून बघितलं... तसंच वाकडं. आई म्हणाली, "तो न्हाणीसाठी येता काय रे? लगीन असला तर येता."

म्हणून आज हे लिहायला बसलोय. दिगूचा धाकटा मोप्याच्या विमानतळावर कामाला आहे. त्याला वाळपईची मुलगी पसंत पडली आहे, आणि उद्या तिच्याकडची मंडळी घर बघायला येतायत. त्याच्यासाठी दिगूने आणि मी आठ दिवस खपून वरच्या अंगाला नवी भिंत घातली. आमची वयं बघता काम बरं झालं आहे. म्हणजे बाबांच्यापेक्षाही वाकडं. शिवाय दाराची जागा ठेवायची राहिली.

आई आता नव्वदीला टेकली आहे. मघाशी काठी टेकत बाहेर आली, भिंत बघून पोट धरून हसली आणि रोट भाजायला आत गेली. जाता जाता माझे नवे बूट मागून घेतले. परवाच आणलेले, एकदाही न घातलेले.

दिले. आता ती हाक मारते आहे, दिगू, त्याचा धाकटा आणि मी, तिघांनी गाऱ्हाण्याला ओळीत उभं राहायचंय.