सारवणातला सांधा

नागपूरच्या डॉक्टरांनी मायचे गुडघे दाबून पाहिले आणि सांगून टाकलं, आता उकिडवं बसणं बंद. गावी, मुकुटबनला, आमच्या घराची मागची खोली अजून मातीची आहे. तिच्या भिंती मायच सारवते, दुसऱ्या कुणाचा हात तिला पटत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तिचं तोंड जे फुगलं ते फुगलंच. परतीच्या बसला अजून तीन तास होते, म्हणून मी तिला संग्रहालयात नेलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा माझाही मतलब होताच.

वरच्या दालनात एका बाईनं काढलेलं भिंतभर चित्र होतं. गेरू, शेणकट हिरवा, राखेचा रंग. आकार एकही नाही. पाटीवर ‘शीर्षक नाही’ एवढंच. मी मान तिरकी करून जाणकाराचा आव आणला. खरं सांगते, मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

माय मोठ्यानं म्हणाली, “कोनं सारवलं व हे?”

पहारेकरी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चित्र हाय ते, माय. हळू बोल ना.”

“असन चित्र. हात तं सारवनाचाच हाय.” ती जवळ गेली आणि न शिवता, हवेतच रंगाच्या कमानींवरून हात फिरवू लागली. एका जागी थांबली. “इथं उठली होती ते बाई.”

“तुले कसं समजलं?”

“हा सांधा पाह्य. भिंत एका दमात घ्या लागते. मधात उठलं का काठ वाळते, मंग कितीबी हात फिरवा, सांधा दिसतेच. लेकरू रडलं असन, नाहीतं कोनी हाक मारली असन.”

मी पाहिलं. खरंच होता. बारीक, गडद काठ, आणि त्याच्या पुढे कमानी पुन्हा सुरू झालेल्या, आधीपेक्षा मोठ्या. माझ्या अंगावर काटा आला. कधी न पाहिलेली ती बाई आत्ताच हात पुसत उठून गेली, असं वाटलं. इतकी वर्षं मी पोरांना चित्र कसं पाहावं ते शिकवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“मंग तिनं ते टाकून काहून नाही देलं?”

हे मी माझ्यासाठीच विचारलं. असाच सांधा पडला म्हणून माझं एक चित्र सात वर्षं कपाटामागे उभं होतं, आणि तेव्हापासून मी ब्रश धरला नव्हता.

“सांध्यापायी कोनी भिंत टाकते का? हात फिरवाचा अन् फुडं जायाचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी ते चित्र कपाटामागून बाहेर काढलं. मायचं बोट नेमकं तिथंच गेलं.

“इथं उठली तू. कोनं बलावलं होतं?”

“तूच.”

मायनं खुर्ची ओढत दारात नेली आणि ती वाट अडवून बसली.

“बस मंग,” ती म्हणाली. “आज कोनी नाही बलावत तुले.”