पहिल्या गियरात अडकलेली गाडी

"आई गेली. दुपारच्या नमाजानंतर उचलायचं ठरलंय," बुरोंडीहून भाईचा फोन आला, तेव्हा इथे रत्नागिरीत नुकतं उजाडलं होतं. आमच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत आणि बायका कब्रस्तानात जात नाहीत. मुलगा उशिरा पोचला तरी मूठभर माती देऊ शकतो. मुलीला आईचा चेहरा बघायचा तर जनाजा घरातून निघायच्या आत. मी रडले नाही, चावी घेऊन धावले.

गाडी नवऱ्याची. तो कुवेतला, गाडी अख्खा पावसाळा रस्त्याखालच्या आमच्या चढणीवर प्लॅस्टिकखाली. खाऱ्या हवेत हँडब्रेक ओढून ठेवला की मागची चाकं जाम होतात. म्हणून आमच्याकडे चढावर गाडी गियरात ठेवतात आणि चाकामागे जांभ्याचा चिरा लावतात. जाताना नवरा हे सगळं करून, बॅटरीची वायर काढून, वर मलाच चार गोष्टी शिकवून गेला होता.

वायर जोडली, क्लच दाबला, गियर काढायला गेले. दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, शिव्या दिल्या, तरी पहिल्यातच.

कुवेतला फोन लावला. आईचं ऐकून त्याने आधी दुवा मागितली. मग म्हणाला, "क्लच पुरता दाबलास ना?"

"नाही, पाय डोक्यावर घेऊन बसलेय!"

"बरं. वजन गियरवर आलं असेल. कुणाला तरी मागून ढकलायला सांग."

शेजारचे गुरुजी लुंगीवरच आले आणि जीव खाऊन ढकलू लागले. मी क्लच दाबून बसलेली, पण गाडी तसूभर हलेना.

"मग क्लचप्लेट चिकटली," नवरा म्हणाला. दमट हवेत उभ्या गाडीची ती गंजून धरते म्हणे. मग पायाने कितीही दाबा, गियर मोकळा होत नाही.

भाड्याच्या गाडीसाठी दोघांना फोन केले. एक लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेला होता, दुसरा उचलेना. एसटी वेळेत पोचणार नव्हती. मी स्टिअरिंगवर डोकं आपटलं. तिकडे आईला आंघोळ घालत असतील आणि मी इथे एका लोखंडी दांड्याशी भांडत होते. माझा धीर पार सुटला.

"ऐक," फोनमधून आवाज आला, "क्लच दाबूनच चावी मार. गाडी वर रस्त्यावर उडी मारील. मारू दे. वर आलीस की क्लच न सोडता जोरात ब्रेक दाब."

"आणि वर कोण आडवं आलं तर?"

"गुरुजींना वर उभं कर."

गुरुजी रस्त्यावर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. मी अल्लाचं नाव घेऊन चावी मारली. गाडी उसळली, धडधडत चढ चढली. ब्रेकवर उभीच राहिले. खालून कडकन आवाज आला आणि दांडा लोण्यातून निघावा तसा निघाला. गुरुजींचे आभार मानायचेही राहिले.

बुरोंडी येईपर्यंत ऊन कललं होतं. आमच्या घराकडे जाणारा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. वळण घेतलं आणि समोरून जनाजा आला. पुढचा खांदा भाईचा. मी ब्रेक मारला, गाडी मध्येच बंद पडली.

"गाडी मागं घे गो, वाट सोड," एक म्हातारे चाचा म्हणाले.

"गियर अडकलाय," मी म्हटलं.

चार जणांनी ढकलून पाहिलं. गाडी हलेना. भाईने आपला खांदा दुसऱ्याला दिला आणि खिडकीपाशी येऊन वाकला. त्याने आधी दांड्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. क्लचवर पाय नव्हताच. तो स्वतः रोज गाडी चालवतो.

तो लोकांकडे वळला. "नाय सुटायचा तो गियर. जनाजा खाली टेकवा जरा."

मी दार उघडून उतरले. कफनाची डोक्याकडची गाठ त्यानेच सोडली.