ध्यान ठिवा

शांतवन प्रार्थनेला डोळे मिटत नाही. देवळाली प्रवरेच्या चर्चमध्ये सगळी मंडळी माना खाली घालून बसतात आणि हा शाळामास्तर उघड्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघत असतो. नवे पाळक आले की हमखास त्याला बाजूला घेऊन समजावतात. तो ऐकून घेतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तसाच. लोक म्हणतात, मास्तर तिरसट आहे. तिरसट मी आहे, तो नाही. बाहत्तरच्या दुष्काळात मी त्याच्याबरोबर होतो, म्हणून खरं कारण मला माहीत आहे.

नगरच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. उंच, पोक काढून चालणारा, आखूड पायजम्यातला शांतवन पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा मी म्हणालो होतो, "काय ध्यान आलंय बघा." ते नाव त्याला चिकटलं. त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर कॉलेजनं आम्हाला पाथर्डीकडच्या एका गावात पाझर तलावाच्या कामावर धाडलं. ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली कोण जाणे. ज्यांनी जन्मात घमेलं उचललं नव्हतं ती पोरं दुष्काळ हटवणार होती! शांतवन पाटाच्या पाण्यावर वाढलेला, घरामागे बारमाही ऊस. इथं वाटेवर मेलेली जनावरं पडली होती आणि दिवसभर खडी फोडून आलेल्या बाया रेशनची लाल मिलो ज्वारी शिजवत होत्या. पहिल्या काही दिवसांतच निम्मी पोरं पळाली. उरलेले आम्ही दिवसा मुकाट राबायचो आणि संध्याकाळी एकमेकांवर खेकसायचो. एक जण तर जेवताना ताट सारून ढसाढसा रडला. खणतोय तो तलाव भरायला पाऊस पडायला हवा, आणि तो आता कधी पडेल असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं.

तेव्हा शांतवन म्हणाला, "सकाळी कामाआधी थोडं बसू या. देवाचं नाव घ्या, नाहीतर नका घेऊ. हे बघवत नाही म्हणून आपण पळतोय. डोळे मिटायचे आणि जे बघवत नाही त्याच्याच समोर बसायचं. जो आवाज येईल तो येऊ द्यायचा, जाईल तो जाऊ द्यायचा. मागं लागायचं नाही."

त्याच्या घरी याला मनन म्हणत. पोरांनी माझीच थट्टा उचलून त्याचं ध्यान केलं आणि गावातही तोच शब्द गेला. मी बसलो नाही, चहाच्या चुलीपाशी थांबायचो. पण खोटं कशाला बोलू, पोरं सावरली. पळापळ थांबली. रडलेला तो पोरगा सगळ्यात जड घमेली उचलायला लागला. मला थोडा हेवाच वाटला.

पोरं जिच्याखाली बसायची ती बाभळ गावच्या विहिरीजवळ होती. विहिरीला कठडा नव्हता. तळाला होतं तेवढंच पाणी, त्यावर सगळं गाव. पलीकडच्या झोपडीत बनुबाई नावाची म्हातारी एकटी राहायची, तिची चांदी नावाची गाभण गाय हेच तिचं गोत. गावातली बाकी गुरं छावणीत गेली होती, नाहीतर खाटकाकडं. चांदीच्यानं छावणीपर्यंत चालवणार नव्हतं. म्हातारी निवडुंगाचे काटे जाळून तो तिला चारायची आणि आपल्या वाटणीचं पाणी तिला पाजायची. "ही व्याली म्हंजी सुटले मी," असं ती येताजाता सांगायची.

एका सकाळी ती चांदीला घेऊन बाभळीखाली आली.

"पोरांनो, तुमी हितं रोज ध्यान करता म्हनं. मला लांब पाल्याला जायचंय. माज्या गायीकडं बी जरा ध्यान ठिवा."

"ठेवतो, आजी," शांतवन म्हणाला.

गाय बाभळीला बांधून ती गेली. शांतवनला वाटलं, म्हातारी गाईसाठी मनन करायला सांगतेय. त्याचे डोळे भरून आले. तो पोरांना म्हणाला, "आज चांदीला मनात धरू या." सगळ्यांनी डोळे मिटले आणि जीव ओतून त्या गाईला मनात धरलं.

दावं जुनं, कुजकं होतं. पाण्याचा वास जवळ होता. चांदीच्या गळ्यातली घंटी हलली, मग जराशी लांबून वाजली, मग विहिरीच्या बाजूनं. पुढचा धप्प आवाज मी चुलीपाशी ऐकला आणि धावत सुटलो.

गावानं दोर लावून दुपारी चांदीला वर काढलं. ती केव्हाच गेली होती, पोटातलं वासरूही. विहिरीचं पाणी आता कुणी तोंडाला लावणार नव्हतं. बाया रिकामे हंडे घेऊन काठावर उभ्या होत्या आणि आमच्याकडं बघतही नव्हत्या. आमच्याबरोबर आलेल्या कॉलेजच्या सरांनी सामान बांधायला सांगितलं. मला शांतवनचा असा संताप आला होता की त्याला दोन लगावाव्यात, आणि त्याच्याकडं बघवतही नव्हतं.

बनुबाई डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आली. गाय दिसली तशी ती थांबली. भारा खाली उतरवून ती चांदीच्या डोक्यापाशी बसली आणि तिच्या गळ्यातली घंटी सोडायला लागली. गाठ भिजून घट्ट झाली होती. बराच वेळ ती सुटेना. शांतवन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ध्यान ठिवा म्हनलं हुतं," ती वर न बघता म्हणाली.

"ठेवलं होतं, आजी. आम्ही सगळे तिचाच विचार करत होतो."

"डोळं उगडं हुतं का?"

"नव्हते."

"घंटी तरी आयकाया आली आसंल."

"आली. आम्ही सगळ्यांनी ऐकली."

"मंग?"

शांतवन तिच्यासमोर खाली बसला. मग म्हणाला, "जाऊ दिली."