बाळूची उडी

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. मंगळवार होता, मधली सुट्टी नुकतीच संपली होती. "दिलीपभाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. सिलिंडर आला असं कुणी सांगितल्यावर म्हणावं, तसं "बरं". मग फोन खिशात ठेवला, उरलेल्या चार नळ्या धुतल्या, स्टँडवर उलट्या लावल्या, हात पुसले आणि मुख्याध्यापकांना सांगायला गेलो. तिथे "गेला" एवढंच म्हणालो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. कोण गेलं म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, "रविवारचा एक मित्र आहे..."

त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात, आणि मन्याबद्दल चांगलं लिहायला काहीच कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते स्वतःबद्दल लिहायचे. कारण मी त्याच्याशी एकदा खोटं बोललो होतो, तोंडावर, तीन शब्दांत. तो असेपर्यंत ते मी निस्तरलं नाही. हा लेख खरं तर त्यासाठी आहे.

आम्ही दोघं उल्हासनगरचे, कॅम्प चारचे. एकाच बराकीतल्या शेजारशेजारच्या खोल्यांत वाढलो. मधली भिंत इतकी पातळ, की त्याचे वडील त्याला ओरडले की मी इकडे अभ्यासाला बसायचो. दहावीनंतर मन्या कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी शेठच्या दुकानात लागला. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम तिथे दुरुस्तीला यायचे. शेठ गिऱ्हाइकाला साईं म्हणायचा, नोकराला साईं म्हणायचा आणि शिव्या देतानाही साईं म्हणायचा. त्याचा एक नियम होता. मन्या मला त्याची नक्कल करून दाखवायचा, "एक टाइम पे एकही चीज बदलने का, साईं. दो बदलेगा तो पता कैसे चलेगा, चोर कौन था?" आणि बदललेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, मधोमध रेघ मारायची. डावीकडे काय बदललं, उजवीकडे काय झालं.

शेठ गेला, दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मन्याचा नियम मात्र सुटला नाही. अंबरनाथच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला तिथेही तेच, घरातही तेच. अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतल्यावर वहिनींना घराला पिवळा रंग हवा होता. या पठ्ठ्याने एकच भिंत रंगवून घेतली आणि महिनाभर तिच्याकडे बघत बसला. वहिनी आजही ती गोष्ट सांगताना कपाळावर हात मारतात.

दुरुस्त झालेला गेम चालवून बघायचं काम मन्या मला द्यायचा. आमचा आवडता गेम एकच होता. खांद्याला पिशवी अडकवलेला एक चिमुकला माणूस पळत सुटायचा आणि वाटेतल्या खड्ड्यांवरून उड्या मारायचा. आमच्या बराकीत पत्रं टाकायला येणारे बाळू पोस्टमन अगदी तसेच गटारं ओलांडत यायचे, म्हणून त्याचं नाव बाळू. शेवटच्या पुलापलीकडे काय आहे ते आम्ही कधी पाहिलं नाही. तिथे पोचलो की एक तर शेठ यायचा, नाही तर वीज जायची.

मग नोकऱ्या, घरं, सगळं वेगळं झालं. मी बदलापूरच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक झालो आणि हेंद्रेपाड्यात राहायला आलो. लग्न आधी जमलं नाही, नंतर मी जमवलं नाही. मन्याची भेट कुणाच्या तरी लग्नात नाही तर मयताला. असं वीसेक वर्षं चाललं. आणि सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन. "दिल्या, उद्या ये. बाळू परत आलाय."

गेलो. टीव्हीपुढे तळहातावर मावेल एवढं हिरवं बोर्ड, त्याला चार वायरी. तो अख्खा कॉम्प्युटर आहे म्हणाला. त्यात इम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर घातलं की ते बोर्ड जुन्या गेम-मशीनचं सोंग घेतं. पडद्यावर बाळू पिशवी अडकवून उभा होता. आम्ही दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेले, चष्मेवाले. पहिल्याच खड्ड्यात पडलो आणि असे हसलो की वहिनी बघायला बाहेर आल्या.

तिथून पुढचा प्रत्येक रविवार ठरलेला. सकाळी दहाला मी स्कूटरवरून बदलापूरहून निघायचो. बाराच्या सुमाराला वहिनींची तांदळाची भाकरी आणि सुकट. मधला सगळा वेळ मशीनची दुखणी. कारण चालण्यापेक्षा ते मशीन बिघडायचंच जास्त. कधी पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण यायची. मन्याने शोधून काढलं की साधा मोबाइलचा चार्जर त्याला पुरत नाही, उपाशीपोटी राबवल्यासारखं होतं. कधी आवाज फाटायचा. कधी बोर्ड तापायचं, मग त्याच्यावर छोटा पंखा बसला. एकदा वहिनींनी मिक्सर लावायला मशीनचा प्लग तसाच उपटला आणि आतलं मेमरी कार्ड खराब झालं. सगळं पहिल्यापासून भरावं लागलं. दुसऱ्या रविवारी बघतो तर प्लगवर चिठ्ठी चिकटवलेली, 'आधी मला बंद करा, मग मिक्सर लावा.' प्रत्येक वेळी कॅलेंडरचं पान, मधोमध रेघ. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पण मला तिथे बसायला आवडायचं. बाकी सहा दिवस माझ्याशी बोलणारी माणसं पगाराच्या नात्याची. हे एकच घर असं होतं की जिथे मी उशिरा पोचलो तर कुणी गॅलरीत येऊन बघायचं.

पावणेतीन वर्षांपूर्वी उशिराचा आजार सुरू झाला. "बटण दाबतो आणि बाळू उशिरा उडी मारतो," मन्या म्हणाला. खड्डा आला की बाळू काठावर क्षणभर रेंगाळायचा आणि पडायचा. मन्या कामाला लागला. म्हणाला, टीव्ही चित्र सजवत बसतो म्हणून उशीर होतो. टीव्हीची ती सेटिंग बंद केली. फरक नाही. पुढच्या रविवारी केबल. मग बिनवायरचा कंट्रोलर काढून वायरवाला आणला. मग इम्युलेटरच्या सेटिंग, एका रविवारी एकच. फरक नाही, फरक नाही. चार महिने असे गेले. बाजारातला दुसरा कुणी असता तर मशीन भंगारात दिलं असतं.

एका रविवारी त्याने कंट्रोलर माझ्या हातात दिला. "तू खेळ. मी बघतो."

मी खेळलो. बटण दाबलं, बाळूने उडी मारली. दाबलं, मारली. कुठेही उशीर नव्हता. सलग सात खड्डे मी पार केले आणि आठव्यात मुद्दाम पडलो, कारण तोवर माझी नजर मन्याच्या हाताकडे गेली होती. तो मांडीवर पालथा ठेवलेला हात त्याने चष्मा सारायला उचलला, तर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसून गेला होता. दुसऱ्या हाताला तो होता, ह्या हाताला नव्हता.

"तुला जाणवतो ना उशीर?" त्याने विचारलं.

"हो, जाणवतो ना," मी म्हणालो.

हेच ते तीन शब्द. का म्हणालो? मी स्वतःला सांगत आलो की मित्राचं मन दुखवायचं नव्हतं. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं असं, की दोष मशीनमध्ये असेल तर पुढचा रविवार होता. दोष त्याच्या हातात निघाला असता तर दवाखाने, तपासण्या, पाहुणे, आणि त्या गर्दीत मी कोण? मला भीती वाटली. त्याच्यासाठी वाटली आणि माझ्यासाठीही वाटली, आणि कुणासाठी जास्त ते मी आजही सांगू शकत नाही.

तीन महिन्यांनी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा वहिनी त्याला कल्याणला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नसांचा आजार निघाला, एकेक करून स्नायू निकामी करणारा, औषध नसलेला. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, तीन महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, फारसा फरक पडला नसता. त्यांनी ते दोनदा सांगितलं. मी घरी येऊन ते पुन्हा पुन्हा स्वतःला सांगितलं, पण 'फारसा' हा शब्द काही केल्या गिळला जाईना.

मला वाटलं, आता मशीनचा विषय संपला. पण त्या रविवारी मन्या नेहमीसारखा टीव्हीसमोर येऊन बसला. "हाताचं वेगळं आहे रे," तो म्हणाला. "मशीन स्लो आहेच, साईं. आपण त्याला असं सोडायचं नाही." मी मान हलवली. तिथून दोन वर्षं आम्ही तो न झालेला बिघाड शोधत राहिलो. आधी तो स्वतः स्क्रू फिरवायचा. मग मी फिरवायचो आणि तो सांगायचा. मग त्याची जीभ जड झाली, तेव्हा एक बोट हलवून दाखवायचा. वहिनी शेजारी बसून त्याचं अडखळतं बोलणं कॅलेंडरच्या पानावर उतरवायच्या. दर रविवारी शेवटी तोच प्रश्न, "अजून उशीर आहे?" आणि मी म्हणायचो, "आहे थोडा." मग तो म्हणायचा, "मग पुढच्या रविवारी कार्ड बदलून बघू..."

शेवटच्या रविवारी त्याला उशीला टेकवून बसवलं होतं. मी खेळत होतो. या मशीनवर बाळू पहिल्यांदाच शेवटच्या पुलापर्यंत पोचला, आणि मी मन्याकडे बघायला मान वळवली तेवढ्यात बाळू खाली पडला. मन्याच्या घशातून हसल्याचा आवाज आला. काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही म्हणून वहिनींनी सांगितलं, "म्हणतायत, पुढं बघ की रे, माझ्याकडं काय बघतोस."

तेराव्यानंतर वहिनींनी मला एक बुटांचा खोका दिला. "तुमच्याकडेच असू दे, भाऊजी. मला बघवत नाही." आत ते बोर्ड, वायरी, चिठ्ठीसकट प्लग आणि कॅलेंडरच्या पानांची गुंडाळी. घरी येऊन मी दोन दिवस खोका उघडला नाही. तिसऱ्या दिवशी पानं वाचायला घेतली.

टीव्हीची सेटिंग बदलली, फरक नाही. केबल बदलली, फरक नाही. कंट्रोलर बदलला, फरक नाही. ओळीने सगळं, त्याच्या त्या इलेक्ट्रिशियनच्या ठाशीव अक्षरात. मग तो रविवार आला. डावीकडे लिहिलं होतं, 'खेळणारा बदलला (दिल्या).' उजवीकडे, 'उशीर नाही.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'दिल्या म्हणतो, आहे. असू दे.'

मला तिथे आधी त्याचा रागच आला. एक टाइम पे एकही चीज. सगळं बदलून झाल्यावर उरलेली एकच गोष्ट बदलायला त्याने मला खेळायला बसवलं होतं. मी पडद्याकडे बघत होतो आणि तो माझा अंगठा बघत होता. चोर त्याला त्याच दिवशी सापडला होता. वहिनींनाही न सांगता तीन महिने तो डॉक्टरकडे गेला नाही, ते माझ्या शब्दावर विसंबून नाही, हे वाचून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाटलं, त्या खोलीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, दोघांना एकच गोष्ट माहीत होती आणि दोघंही एकेकटे होतो.

पुढची पानं मी उभ्यानेच वाचली. त्या रविवारनंतर उजवीकडे 'फरक नाही' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. डावीकडे, पंखा साफ केला. उजवीकडे, 'दिल्या आला.' वायर बदलली, 'दिल्या आला.' कार्ड बदललं, 'दिल्या आला.' दोन वर्षं, पानांमागून पानं, आधी त्याच्या अक्षरात, मग वाकड्यातिकड्या अक्षरात, मग वहिनींच्या. मी फोन करून वहिनींना विचारलं, हे असं का लिहायला सांगायचा? त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, त्याला रविवारी जायला दुसरं घर नाही. मशीन बरं झालं तर येईल कशाला?"

आता ते बोर्ड माझ्या टीव्हीपुढे आहे. परवाच्या रविवारी सकाळी दहाला, स्कूटर काढायच्या वेळेला, मी ते जोडलं. बटण दाबलं आणि बाळूने उडी मारली. जिथल्या तिथे, जेव्हाच्या तेव्हा. पुलापर्यंत गेलो, पण पुढे गेलो नाही. एक कॅलेंडरचं पान उलटं केलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'घर बदललं.' उजवीकडे, 'मन्या आला नाही.' पान गुंडाळीत ठेवलं, आधी मशीन नीट बंद केलं आणि मग प्लग काढला.