सगळ्यांना चालणारं नाव

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं सरांच्या हातात, दोन बायकोच्या. तेवढ्यात बेल वाजली आणि सरांनी आपली टोकं सोडून दिली.

"अहो, निदान जमिनीवर तरी लोळवू नका!"

दारात वरच्या मजल्यावरची नर्सबाई उभी होती. "सर, मतांची मोजणी झाली. खाली बोलावलंय."

सरांनी जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, पण जीव जडला तो एकाच प्रश्नावर, मत द्यायचं कसं. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकाच नावावर खूण कशाला? जी जी नावं चालतील त्या सगळ्यांवर करा, जास्तीत जास्त लोकांना चालेल तो निवडून येईल. मग चतुर माणूस मनातलं लपवून कशी चाल खेळतो, समोरचा कशी उलटवतो, याचं त्यांनी बुद्धिबळासारखं गणित मांडलं. दूरदूरच्या विद्वानांच्या संस्था आता या पद्धतीने अध्यक्ष निवडतात. कधी न पाहिलेली मुलं त्यांना आपले प्रबंध पाठवतात. मेहुणा मात्र म्हणतो, "जगाला मतदान शिकवतात, घरात यांचं मत कोण विचारतंय?"

आता डोळे थकले, पाठ थकली. पुस्तकाचा शेवटचा अध्याय तेवढा पुरा करायचा राहिला होता. महिनाअखेर द्या, नाहीतर राहू द्या, असं प्रकाशकाने बजावलं होतं. तो हातावेगळा करावा आणि स्वस्थ पडावं, एवढीच सरांची इच्छा.

पण इमारतीच्या सचिवपदावरून वकील आणि कंत्राटदार यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य. जिन्यात लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. बायको म्हणाली, "देवाने एवढी बुद्धी दिलीय, ती जरा दाराबाहेरही जाऊ द्या की." म्हणून सरांनी आपली पद्धत समजावली. वर नियम घातला, निवडून येईल त्याने नाही म्हणायचं नाही. नाहीतर लोक खोटी नावं उभी करून खेळ बिघडवतात. दोनच नावांत पद्धत कळायची नाही, म्हणून नमुन्यादाखल तिसरं नाव लिहिलं. स्वतःचं. दोन्ही गट हात आखडून फक्त आपल्याच माणसावर खूण करणार, हे त्यांचं गणित. शेवटच्या अध्यायात तेच तर होतं.

सर आणि बायको खाली आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वकिलाच्या माणसांनी वकिलावर खूण केली आणि सरांवरही. कंत्राटदाराच्या माणसांनी कंत्राटदारावर आणि सरांवरही. सर सचिव झाले.

"तूसुद्धा?" सरांनी बायकोला हळूच विचारलं.

"चालतील त्यांच्यावर करा म्हणालात. मला तुम्ही चालता. इतकी वर्षं चालवून घेतलंच ना?"

"नियम तुमचाच आहे, सर," वकील म्हणाला.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!" कंत्राटदार म्हणाला, आणि वकील चक्क हसला.

"याला लाभ म्हणतात?" सर पुटपुटले. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण आपलाच नियम मोडायचा तर लिहिलेलं सगळं कुठल्या तोंडाने खरं म्हणायचं?

"तुम्ही माझ्यावर का खूण केलीत?" त्यांनी नर्सबाईला विचारलं.

"कंटाळा आला हो, सर. भांडणाचा."

सर खुर्चीत बसले. कुणी चाल खेळलंच नव्हतं. लोक थकले होते, सरांसारखेच. त्या थकव्याला त्यांच्या गणितात जागाच नव्हती. म्हणजे अध्याय चुकला, मुळापासून. नव्याने मांडायचा तर महिना कुठला पुरणार?

वर येऊन त्यांनी प्रकाशकाला फोन केला. "अध्याय येणार नाही. थांबू नका."

बायकोने देवाचं नाव घेतलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"सचिवसाहेब," खालून कंत्राटदाराची हाक आली, "लिफ्ट पुन्हा अडकली!"

सरांनी पाणी संपवलं, चपला घातल्या आणि लिफ्ट दुरुस्तीवाल्याला बोलावून आणायला ते निघाले.